खडीवरची शाळा

सुमनबाईंचं नाव आधी लिहिते. त्या नसत्या तर मला काहीच लिहिता आलं नसतं. गेल्या महिन्यात औशाहून भावाचा फोन आला… बाई गेल्या. मी सुरतेत साडीला टिकल्या लावत बसले होते. चौथीतून सुटलेली मी, पेपरात पहिल्यांदाच लिहिते. चुकलं तर सांभाळून घ्या.

बहात्तरच्या दुष्काळात शाळा सुटली अन् मी आईसोबत रस्त्याच्या कामावर खडी फोडायला लागले. भाकरीच्या सुट्टीत गावच्या शाळेतल्या सुमनबाई तिथं यायच्या. चुना कालवून काडीनं काळ्या दगडावर अक्षरं काढायच्या, बायका गिरवायच्या. मीही गिरवायची. माझी तेवढीच शाळा उरली होती.

ती पण मोडायला आली. सगळ्यांना स्वतःचं नाव यायला लागलं, तेव्हा बाईंनी नवऱ्याचं लिहायला सांगितलं. बायकांनी काड्या खाली ठेवल्या. नाव घेतलं की धन्याचं आयुष्य घटतं, म्हणत थोरली कोंडाआत्या पदर झटकून उठली. तिच्यामागं बाकीच्या उठल्या, आईसुद्धा.

बाईंचं कपाळ मोकळं. त्या हळूच म्हणाल्या, "आत्या, मी माझ्या मालकाचं नाव जल्मात घेतलं न्हाई. तरी गेलेच की ते."

कोंडाआत्या थांबली… "तोंडानं न्हाई घ्यायची. हातानं लिहिते," म्हणाली अन् खाली बसली. तिच्यामागं बाकीच्यांनीही काड्या उचलल्या.

सुट्टी संपली. मुकादम ओरडत राहिला, पण एकही बाई आपला दगड फोडीना. धन्याच्या नावावर घण कसा घालायचा? शेवटी ते दगड तसेच रस्त्याच्या कडेला लागले, अन् शाळा रोज भरली.

पुढं जिल्हा वेगळा झाला. गावच्या पाटीवरचं उस्मानाबाद खोडून लातूर रंगवलं, तेव्हा ओल्या रंगासमोर म्हातारी कोंडाआत्या मोठ्यानं वाचत उभी. "आपुन हितंच, अन् जिल्हाच सरकला की गं," म्हणाली. बाई हसून हसून खाली बसल्या.

परवा गावी बाईंच्या खोलीत जाऊन आले. जी बाई शिकली तिनं त्यांच्या भिंतीवर आपलं नाव लिहायचं, ही त्यांची रीत. खाटेपासून आढ्यापर्यंत नावंच नावं. बाईंनी भिंत कधी सारवू दिली नाही. आईचं नाव आईच्याच हातचं, थोडं तिरकं…

सुरतेत माझ्या गल्लीत निलंग्याकडच्या कितीतरी बाया आहेत, बसची पाटी दुसऱ्याला विचारणाऱ्या. माझ्या खोलीची भिंत कोरी आहे. शिकवायची भीती वाटते मला, पण बाई, एक दिवस ती भिंत भरून तुमची परतफेड करीन.