कुंकवाचे तीन ठिपके

दसऱ्याच्या दिवशी वसमतला माझ्या हातून एक काम बिघडता बिघडता राहिलं. आज ते सांगते, कारण काल त्याचा पुढचा भाग आमच्या ओसरीवर येऊन बसला... मी दुसरीपर्यंतच शिकले, बोलते तसं मोबाईल लिहून घेतो. चुकलं तर समजून घ्या.

माझी नात अश्विनी ऑफिसांमधले सर्व्हर बसवून देते. वसमतच्या एका हळद व्यापाऱ्याचं काम तिनं पहिल्यांदाच एकटीनं घेतलं होतं. दसऱ्याला ऑफिसला सुट्टी, मशीन बंद, वायरमन अर्थिंग बघायला येणार... म्हणाली, "आजी, चल, माझं काम तरी बघ." मी ठेवणीतली साडी काढली, पूजेचं सामान पिशवीत घेतलं. जीपमध्ये खिडकीची जागाही मिळाली.

मशीन म्हणजे लोखंडी पेटी. पाच खण, प्रत्येकात एक डिस्क, सगळ्या एकसारख्या. तिनं कळ दाबून एक बाहेर ओढून दाखवली आणि परत बसवली. सगळी माहिती तुकडे करून पाचींत अशी वाटून ठेवलेली, की एक डिस्क गेली तरी बाकीच्या चौघींवरून तिचं काढता येतं.

"म्हणजे पाच जावा झाल्या," मी म्हटलं. "एक माहेरी गेली तरी घर चालून राहिलं."

"व्हय. पण दोघी एकदम गेल्या की चूल बंद."

मग ती वायरमनसोबत बाहेर गेली. आता बघा... दसऱ्याला आमच्याकडं विळ्यापासून फवारणीच्या पंपापर्यंत सगळं पुसून हळद-कुंकू लागतं. लेकराचं अवजार तेवढं धुळीत ठेवायचं? माझ्या मनाला पटेना. मी कळ दाबून एकेक बाहेर काढत गेले. काढली तशी पदरानं पुसली, कुंकू लावलं, मग पाची नारळाभोवती गोल मांडल्या, वर झेंडू ठेवला. फार छान दिसत होतं...

अश्विनी आत आली आणि दारातच थांबली. तिच्या मागं मालक, पेढ्याचा पुडा घेऊन.

"आजी... कोणती कुठल्या खणात होती?"

मशीन जुनं, क्रम चुकला तर ओळखेल याचा तिला भरवसा नव्हता. हळदीच्या प्रत्येक लॉटची सगळी माहिती त्यात, आणि दुसरीकडं कॉपी ती त्याच दिवशी काढणार होती. लेकराचं पहिलं काम... मालक समोर उभे.

मी म्हटलं, "ठिपके मोज की."

आमच्या घरी हळदीच्या बेण्याच्या पोत्यांवर मी चुन्याचे ठिपके देते. विहिरीजवळच्या रानाचं बेणं एक ठिपका, ओढ्याकडचं दोन. मला कुठं वाचता येतं नीट... त्याच सवयीनं डिस्क काढता काढता कुंकू लावलं होतं. खोलीच्या खिडकीकडून पहिली, तिला एक. शेवटचीला पाच.

तिनं एकेक मोजून बसवली. मशीन चालू केलं, आणि आम्ही तिघं नुसते बघत उभे. एक हिरवा दिवा लागला... दुसरा... पाचवा लागायला फार वेळ लागला असं मला वाटलं.

मालक म्हणाले, "मावशी, या कुंकवाची गॅरंटी किती वर्षांची?" अश्विनी हसली नाही. आधी तिनं कॉपी काढली. परतताना जीपमध्ये मला बराबर रागावली. "आजी, मशीन चालू असतं तर? विचारायचं काहून न्हाई?" चूक माझीच होती. सेलू फाटा गेल्यावर मात्र तिनं डोकं माझ्या खांद्यावर टेकलं.

आणि काल सकाळी ती अचानक घरी आली. म्हणाली, "आजी, तीन ठिपक्यांची डिस्क गेली." पण तिकडं ऑफिसात कामही थांबलं नव्हतं, चौघींनी तिचं सांभाळून घेतलं होतं. पिशवीतून नवी कोरी डिस्क काढून तिनं माझ्यापुढं धरली. "हिला तीन लाव, मग जाते."

नंबरचे छापील स्टिकर तिनं त्या मशीनवर केव्हाच लावलेत, मला माहीत आहे. वसमतच्या वाटेवर आमचं गाव लागतही नाही...

हात धुतले, करंडा आणला. बोटाला कुंकू जरा जास्त लागलं, तिसरा ठिपका मोठा पडला. मी पुसायला गेले तर म्हणाली, "राहू दे आजी."