गोवराच्या दिवसांतला विटाळ

माझ्या धाकट्या भावाला गोवर निघाला त्याच आठवड्यात मी शहाणी झाले. मुलीला पहिली पाळी आली की आमच्याकडच्या बायका ‘शहाणी झाली’ म्हणतात. कसलं डोंबलाचं शहाणपण! मला एवढंच कळत होतं, की ही गोष्ट कुणालाही कळता कामा नये.

नव्वदच्या दशकात शहापूर तालुक्यात, शेणव्याच्या पलीकडे आमच्या गावात गोवराला कोणी आजार म्हणत नसे. ‘बया आली’ म्हणायचे, म्हणजे देवीच घरात मुक्कामाला आली. मग दाराला कडुनिंबाचे डहाळे, चुलीवर फोडणी बंद, आणि घरात विटाळ अजिबात नको. बयेला सुई चालत नाही, म्हणून दवाखान्याचं नावही काढायचं नाही. सगळ्यावर नजर ठेवायला माझी आत्या येऊन राहिली होती. ती तोंडाची एवढी फटकळ, की पोलीस पाटीलसुद्धा तिच्या वाटेला जायचे नाहीत.

भाऊ तेव्हा सहा-सात वर्षांचा. अंगभर लाल पुरळ, डोळे चिकटलेले, आणि माझा हात सोडायला तयार नाही. आई आणि मी आळीपाळीनं त्याच्यापाशी बसायचो, पण पेज मात्र तो माझ्याच हातानं घ्यायचा.

अशात एका सकाळी परसात मला परकरावर डाग दिसला. मैत्रिणींच्या कुजबुजीतून थोडंफार ठाऊक होतं. शाळेच्या पुस्तकात त्यावर धडाही होता, पण ‘हा घरी वाचा’ म्हणून गुरुजी पुढच्या धड्यावर गेले होते. घरी तो कुठल्या तोंडानं वाचणार? आईला सांगितलं तर काय होणार, ते मात्र पक्कं माहीत होतं. पडवीत गोणपाटावर बाजूला बसायचं, येणाऱ्याजाणाऱ्यानं टकामका बघायचं, आणि आत भाऊ माझ्या नावानं रडणार. मी आईची जुनी साडी गुपचूप फाडली आणि गप्प बसले. त्याच हातांनी त्याला पेज भरवली.

दोन-तीन दिवसांत त्याचा ताप चढला. कान ठणकू लागला आणि मग कानातून पू यायला लागला. आत्या उंबऱ्यात बसली आणि म्हणाली, “घरात कायतरी विटाळ झालाय. बया उगाच नाय कोपत.” तिनं माझ्याकडे पाहिलंही नव्हतं, तरी मला वाटलं, परकरातून तिला सगळं दिसतंय. आई मान खाली घालून तांदूळ निवडत होती.

गोवर उतरला, पण भावाचा उजवा कान गेला. कानात ओरडलं तरी ऐकू येईना.

पुढच्या महिन्यात पाळी आली तेव्हा मी आईला सांगितलं, जशी काही पहिलीच. आईनं माझी ओटी भरली, शेजारी गूळ-खोबरं वाटलं. माझ्या वाट्याचं मी भावाच्या हातावर ठेवलं.

त्यानंतरची माझी वर्षं वाईट गेली. छाती भरू लागली, दुखू लागली, तर मी पोक काढून चालायला लागले. तोंडावर पुटकुळ्या आल्या, त्या मला बयेनं उमटवलेल्या खुणा वाटल्या. दर महिन्याला पोटात कळ आली की स्वतःलाच म्हणायचे, भोग आता. उगाच रडू यायचं, उगाच संताप यायचा. मी भांडी आपटायला लागले की आई विचारायची, “काय झालंय गो तुला? अंगात आलंय का?” मी तोडून बोलायचे, “काय नाय झालं.” वयात येताना पोरींचं असंच होतं, हे सांगायला कोण होतं? भाऊ “आँ?” करून डावा कान पुढे करायचा, तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

लग्न होऊन मी मुरबाडला गेले. पहिल्या बाळंतपणात तिथल्या नर्सबाईंना आडून आडून विचारलं. त्या हसल्याच. म्हणाल्या, “गोवरात कान फुटतो कधीकधी. त्याचा पाळीशी काय संबंध?” डोक्याला पटलं, मनाला काही पटेना.

मग भावाची पोलीस भरती आली. पोरगा पहाटे उठून हायवेच्या कडेनं धावायचा. धावण्यात पास झाला, गोळाफेकीत पास झाला, लेखी पास झाला आणि डॉक्टरी तपासणीत कानासाठी बाद झाला. मी तेव्हा माहेरी आले होते. त्यानं आल्या आल्या बूट कोपऱ्यात भिरकावले आणि आतल्या खोलीत जाऊन पडला. जेवायलाही उठेना.

आई चुलीपाशी भाकरी थापत होती. मला राहवेना.

“आई, माझ्यामुळं झालं हे. घरात बया होती ना, तवा मी बाहेरची होते. माझी पहिली पाळी ती. मी लपवली.”

आईचा हात परातीतच थांबला. मला वाटलं, आता शिव्या तरी देईल, नाहीतर गळा काढेल.

“मी पन होते,” ती म्हणाली. “त्याच दिवसांत. बाजूला बसले असते तर पोराला कोन बघनार होतं? तवापासून दर वर्षी बयेपुढं नाक घासतेय मी. पोराचा कान मी खाल्ला म्हनून.”

मी भडकलेच. “मग बोललीस का नाय? इतकी वर्षं मी जळतेय!”

“तू बोललीस का?” आईही ओरडली. “आन् मी कोनाला सांगनार होते? तुझ्या आत्याला?”

तव्यावरची भाकरी करपली तरी आमचं चालूच. ती म्हणे, माझ्यामुळं. मी म्हणे, माझ्यामुळं.

भाऊ दारात येऊन उभा राहिला होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. वाटलं, आता हा आम्हाला फाडून खाईल. पण त्याचा आवाज चढला नाही.

“विटाळाचं ऱ्हाऊ द्या,” तो म्हणाला. “माझ्या कानातून पू येत होता. शहापूरचा दवाखाना एस्टीनं अर्ध्या तासावर. मला कोनीच का नाय नेलं?”