सूर्याआधीचे पाव

आमच्या ट्रॉम्सोत नोव्हेंबरात बुडालेला सूर्य जानेवारीतच वर येतो. तो दिसला की घरोघरी जॅम भरलेले गोड पाव खायचे, त्याआधी नाही. नवरा गेल्यापासून त्या अंधारात गुनवोरबाईंना अंथरूण सोडवत नसे. यंदा मात्र ऐन डिसेंबरात त्यांनी परातभर पाव तळले आणि आम्हा शेजाऱ्यांना हाका मारल्या.

"अगं, सूर्याचा पत्ता नाही आणि पाव कसले करतेस?" म्हातारा ओडवार दारातूनच करवादला.

"तो आल्यावर पाव हवेत कोणाला? गरज आत्ता आहे. बस गुपचूप."

ओडवार बसला. गुपचूप दोन पाव संपवले, बोटं चाटली आणि बशी पुढे करत म्हणाला, "उद्यासुद्धा सूर्य नाहीये, बरं का."