वळणावरची ओळख

खाडीच्या त्या वळणावर दोन्ही काठांची खारफुटी इतकी जवळ येते की होडीतून हात लांब केला तर पानं हाताला लागतात. परवा बहिणीच्या गावी जाताना तिथे आमच्या होडीवाल्या भिकूदादांनी अचानक इंजिन बंद केलं. पुढे काठावर एक वयस्कर बाई गळ टाकून बसली होती. दोरी ताणली गेली होती. मासा लागला होता.

“दादा, ओहोटी लागलीय. होडी रुतेल,” मी म्हणाले.

“रुतू दे. इंजिनाच्या पंख्यात दोरी अडकली तर तिचा मासा जाईल,” ते अगदी हळू आवाजात म्हणाले.

बाईला घाई नव्हती. ती दोरी जरा सैल सोडायची, पुन्हा ओढायची. अखेर हातभर लांब तांबोशी तिने बाहेर काढली, आणि तोवर आमची होडी खरोखरच चिखलात बसली. बाईने मासा टोपलीत टाकला, लुगडं खोचलं, गुडघाभर चिखलात उतरून होडीला खांदा लावला. दादांनी बांबू रेटला. दोन हिसक्यांत आम्ही मोकळे झालो. कुणी कुणाचे आभार मानले नाहीत.

मला नवल वाटत राहिलं. आमच्या इमारतीत दारोदारी नावाच्या पाट्या आहेत, पण जिन्यात कुणी कुणासाठी थांबत नाही.

“जुनी ओळख दिसते. नाव काय त्यांचं?” मी विचारलं.

भिकूदादांनी बांबू होडीत आडवा ठेवला.

“बारा वर्षं भेटतोय, पण विचारायचं राहिलंच. तिथे मोठ्याने बोललं की मासे बुजतात.”