दाजी रीळ बघायला जातात

या भूतलावर निर्णय घ्यायला सगळ्यात जास्त वेळ लावणारा माणूस आष्ट्याला राहतो, आणि दुर्दैवाने तो आमच्या थोरल्या अक्काचा नवरा आहे. बाकीचे लोक वस्तू विकत घेतात, आमचे दाजी वस्तूची चौकशी करतात. ते चप्पल घ्यायला आले की दुकानदार आधी आपला डबा खाऊन घेतो, कारण पुढचं काही सांगता येत नाही. कलिंगडाच्या गाडीवर प्रत्येक कलिंगडाला टिचकी मारून, कान लावून, मान हलवून शेवटी पेरू घेऊन घरी येतात. एकदा अंगणात आंबा लावायचा म्हणून खड्डा काढला आणि रोप बघायला कुंडलला गेले. हापूस की केशर यावर एवढी खलबतं झाली की पावसाळा सरला आणि त्या खड्ड्यात अक्काने वैतागून कढीपत्ता लावून टाकला. हा माणूस आयुष्यभर लष्करात होता! शत्रू समोर आल्यावर बंदूक कोणत्या खांद्याला लावायची हे यांनी कसं ठरवलं असेल, याचं मला नवल वाटतं. विचारलं तर म्हणतात, "तिथं हुकूम असतोय मास्तर. हितं आपलं आपल्यालाच ठरवाय लागतंय, म्हणून येळ लागतोय."

मास्तर म्हणजे मी. सांगलीच्या एका शाळेत भूमिती शिकवून निवृत्त झालो आणि नवं काम काय मिळालं, तर रविवारी आष्ट्याला जाऊन दाजींचं शंकासमाधान.

गेल्या वर्षी दाजींना अर्धांगाचा झटका आला. पाय सावरला, जीभ तर आमच्या दुर्दैवाने आधीच सावरली, पण उजवा हात मनगटापासून रुसून बसला. शर्टाची बटणं अक्का लावू लागली. जेवण डाव्या हाताने, चमच्याने. प्रजासत्ताक दिनाला माजी सैनिकांच्या रांगेत उभे राहिले तर सलामीचा हात छातीपाशीच अडकला, कपाळापर्यंत पोचलाच नाही. त्या दिवशी घरी येऊन ते कुणाशी बोलले नाहीत, आणि दाजी बोलत नाहीत म्हटल्यावर अक्का घाबरली. डॉक्टरांनी सांगितलं होतं, वर्षभरात मनगट जेवढं येईल तेवढं आपलं, पुढची आशा धरू नका. व्यायामाला म्हणून एक रबरी चेंडू दिला. दाजींनी तो दोनदा दाबला आणि गल्लीतल्या कुत्र्याला देऊन टाकला. "चेंडू दाबत बसाय मी काय पाळण्यातलं पोर हाय व्हय?"

मग एके सकाळी त्यांनी जाहीर केलं की ते माशीने मासे धरणार.

हे खूळ काश्मिरातलं. तिथे त्यांचे एक साहेब ओढ्यावर ट्राउट नावाचे मासे धरायला जायचे आणि दाजी जाळी घेऊन मागे उभे राहायचे. या प्रकारात गळाला गांडूळ नसतं की कणकेचा गोळा नसतो. पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली एक खोटी माशी असते, आणि ती लांब दोरीच्या टोकाला बांधून, चाबूक फिरवावा तशी मनगटाने मागेपुढे झुलवून पाण्यावर अलगद उतरवायची असते. सगळी करामत मनगटाची. साहेबांनी एकदा काठी दाजींच्या हातात दिली होती, आणि साहेबांचं मत असं पडलं म्हणे की जवानाचं मनगट चांगलं आहे. तेवढ्या एका वाक्यावर आमचे दाजी आजवर जगत आलेत. "चेंडूनं मनगाट येणार न्हाई. माशीनं येणार," ते म्हणाले. अक्का माळकरी, घरात मासा चालायचा नाही, म्हणून असंही ठरलं की धरलेला मासा परत पाण्यात सोडायचा. हे ऐकून पारावरच्या मंडळींनी कपाळावर हात मारला. "धरायचा आन् सोडायचा? मग त्या मुक्या जिवाला हेलपाटा कशाला रं?" मलाही हेच वाटत होतं, पण मी सांगलीकर असल्यामुळे मनात म्हणालो.

काठी फुकटात मिळाली. कोरेगावला दाजींचे एक पलटणीतले दोस्त आहेत, आता कापडाचं दुकान चालवतात. त्यांनी कुठूनशी आणलेली माशीची काठी माळ्यावर धूळ खात होती, ती दिली. प्रश्न राहिला रिळाचा. काठीच्या बुडाशी दोरी गुंडाळायला हे रीळ लागतं. ते हलकं पाहिजे, कारण हातात जोर नाही, आणि स्वस्त पाहिजे, कारण दवाखान्याने आधीच धुऊन काढलं होतं. हलकं आणि स्वस्त! एवढ्या दोन अटींवर शहाणा माणूस अर्ध्या तासात मोकळा झाला असता. दाजींनी त्यावर एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढला.

मोबाइलवर प्रत्येक रिळाखाली त्याचं वजन लिहिलेलं असतं. पण आकड्यावर विश्वास ठेवतील ते दाजी कसले! ते वाण्याकडून आणलेल्या छोट्या काट्यावर तेवढ्याच वजनाची तुरीची डाळ मोजायचे, फडक्यात तिची पुरचुंडी बांधायचे, पुरचुंडी काठीच्या बुडाला लावायचे आणि अंगणात उभं राहून काठी हलवायचे. ही पुरचुंडी म्हणजे अमेरिकन रीळ. चार दाणे कमी केले की चिनी. दाणे वाढवले की अ‍ॅल्युमिनियमचं, काढले की प्लॅस्टिकचं. शेजारच्या कोंबड्या काठीमागे पळत. मी गेलो की माझ्याही हातात काठी देऊन विचारायचे, "ह्यो जपानी कसा वाटतोय?" मी काय सांगणार? डाळीसारखा वाटतोय म्हणालो तर म्हणाले, भूमितीवाल्याला वजनातलं काय कळणार. आणि आतून अक्काचा आवाज, "आवं, जपानी झाला आसंल तर हिकडं द्या. आमटीला डाळ न्हाई."

मग दसऱ्याच्या सुमाराला दाजी म्हणाले, असं डाळीवरून कळायचं नाही, प्रत्यक्ष बघायला पाहिजे. आमच्याकडे बघायला जायचं म्हणजे एकट्याने जायचं नसतं. चार माणसं लागतात, मग ती मुलगी असो, बैल असो नाहीतर रीळ. दाजी, मी, कोरेगावचे दोस्त आणि गाडी चालवायला दोस्तांचे जावई, असे आम्ही पुण्याच्या दुकानात जाऊन रांगेने बसलो. विक्रेत्याने रीळ पुढे ठेवलं. मग दोस्तांनी घसा साफ करून विचारलं, "घराणं कुठलं?" तो बिचारा गोंधळला, मग कंपनी सांगितली. दाजींनी रीळ उलटंपालटं केलं, फिरवलं, कानाशी नेऊन त्याची किरकिर ऐकली आणि विचारलं, "ह्याला आदी कुणी बघून गेलं हुतं का?" चहा आला, तो पिऊन झाला. निघताना दाजींनी दाराशी थांबून, बघायला गेलेला माणूस सांगतो तेच सांगितलं, "घरी इचार करून कळवतो." तो विक्रेता अजून निरोपाची वाट बघत असेल. परतीच्या वाटेवर मी भांडलो. म्हटलं, आवं दाजी, साधं रीळ, त्याला काय पत्रिका जुळवायच्यात? तर दोस्त मलाच म्हणाले, "मास्तर, घाईचं काम सैतानाचं."

अखेर दिवाळीनंतर रीळ आलं, घरपोच. जगातलं सगळ्यात हलकं आणि सगळ्यात स्वस्त. काठीला लावलं मात्र, आणि काठी नांगी टाकून पुढे वाकली. बुड इतकं हलकं झालं की सगळा भार शेंड्याला, आणि तो पेलायला मनगटाला दुप्पट कष्ट. बैलगाडीत ओझं पुढे सरकलं की बैलाची मान दबते, हे ज्याला लहानपणापासून ठाऊक, त्याने इतक्या महिन्यांत ही गोष्ट ध्यानात घेऊ नये! यावर दाजींनी उपाय काय केला असेल? रिळाशेजारी तुरीच्या डाळीची पुरचुंडी बांधली. तोल साधला. म्हणजे एवढ्या संशोधनाचं फळ हे की जे जड रीळ पहिल्याच दिवशी बाद केलं होतं, तेवढंच वजन आता ते डाळीसकट नाचवत होते. मी पोटभर हसलो. अक्का हसली नाही. ती पदराला हात पुसत दाजींच्या मनगटाकडे बघत होती.

पुढे रोज सकाळी कृष्णेचा घाट. माशी कधी उसात अडकली, कधी म्हशीच्या शेपटीत, एकदा माझ्या टोपीत. नदीत पडली ती अपघातानेच. मासे निर्धास्त होते. उजव्या हाताने काठी उचलायची, दोन झोके द्यायचे, तिसऱ्याला मनगट लुळं पडून काठी पाण्यात. दाजी काठी काढायचे, पुसायचे, पुन्हा उचलायचे. मला खरं तर रविवारी उशिरापर्यंत झोपायला आवडतं, पण मी घाटावर बसून राहायचो आणि टोमणे मारायचो. टोमणे ऐकून त्यांना चेव येतो, असं मी स्वतःला सांगत असे.

डॉक्टरांनी दिलेलं वर्ष मागच्या आठवड्यात संपलं. रविवारी घाटावर गेलो तर दाजी पायरीवर बसले होते आणि रीळ काठीवरून सोडवून मांडीवर ठेवलं होतं. म्हणाले, "मास्तर, ह्याची फिरवायची मूठ उजवीकडं हाय, ती काढून डावीकडं बसव. बसती म्हनं तिकडं बी."

"कशाला?"

"डाव्यानंच टाकतो आता. टाकून झाली की काठी उजव्या काखंत दाबायची आन् डाव्यानंच फिरवायचं. उजवा रिटायर झाला रं. डाव्याला भरती केलाय."

मी विचारलं, हे कधी ठरवलंत? अक्काला विचारलंत? दोस्तांना?

"मगाशी. पायऱ्या उतरताना," दाजी म्हणाले. "न्हाई, कुणालाच न्हाई इचारलं."

मी रीळ मांडीवर घेतलं आणि खिशातून नाणं काढलं. मला फार वाईट वाटलं. मूठ बदलायला फारसं काही लागत नाही, एक स्क्रू, तोही नाण्याने फिरतो. तरी माझ्याने तो लवकर सुटेना. मूठ बसली. दाजी उभे राहिले, डाव्या हाताने काठी उचलली आणि झोका दिला. माशी त्यांच्याच पायाशी पडली.

"नवा रंगरूट हाय अजून," ते म्हणाले आणि पुन्हा काठी उचलली.

ऊन चढेपर्यंत आम्ही तिथेच होतो. मासा लागला नाही. वर येताना दाजींनी आधाराला हात पुढे केला, तो उजवा होता. मी तो धरला. इतके महिने आम्ही वजनाबद्दल बोलत होतो, पण तो हात किती हलका झालाय हे मला त्या दिवशी कळलं. पायऱ्या संपल्यावरही मी तो सोडला नाही, आणि दाजींनीही सोड म्हटलं नाही.