'लिफ्ट बंद'चा ड्रमर

'लिफ्ट बंद' हा बँड अकरा महिने चालला. तो मोडला त्याला अडतीस वर्षं झाली, पत्र्याचा राग मात्र अजून उतरलेला नाही.

पत्र्या म्हणजे एसीची हवा खेळवणारे पत्र्याचे डक्ट बनवणारा कारागीर, बँडचा ड्रमर. त्याचा धाकटा भाऊ कीबोर्ड वाजवायचा. गायचा तो दातांच्या कवळ्या बनवणारा, म्हणून कवळीवाला. न्यू वेव्हचे दिवस होते: कोरडा आवाज, तुटक सूर, घड्याळासारखा ठेका. तालमीची खोली चौथ्या मजल्यावर, आणि बँडचं नाव खालच्या लिफ्टवरच्या पाटीवरून घेतलेलं. ड्रम खांद्यावरून वर नेले ते पत्र्याने, एकट्याने.

मग धाकट्याने ड्रम-मशीन आणलं. "दादा, तुझे ठेके यात भरून ठेव. तुला ओव्हरटाइम असला तरी आमची तालीम अडणार नाही."

पत्र्या तीन आठवडे कामावरून सुटून थेट तिथे जायचा आणि एकेक ठोका भरायचा. सातही गाणी झाली. पुढच्याच महिन्यात सभागृहातला पहिला मोठा कार्यक्रम ठरला आणि कवळीवाला म्हणाला, "स्टेजवर मशीनच शोभेल रे. तू काय, घरचाच माणूस. पुढच्या रांगेत बस."

पत्र्या दातओठ खात बसला.

कार्यक्रमाला अर्धा तास असताना धाकट्याने मशीनच्या बॅटऱ्या बदलल्या. ताज्या असलेल्या बऱ्या, म्हणून. मशीन प्लगला लावून चालू ठेवायचं आणि मगच बॅटऱ्या काढायच्या, नाहीतर भरलेलं सगळं पुसलं जातं, हे पत्र्याला ठाऊक होतं. त्याला विचारतो कोण? सातही गाण्यांचे ठेके पुसले गेले.

"दादा, वर ये ना! सभागृहाचे ड्रम आहेत मागे."

"आधी माईकवरून सांगायचं, हा आमचा ड्रमर. मगच काठ्या हातात घेईन."

"सांगतो रे बाबा, सांगतो!" कवळीवाला म्हणाला.

माईकवर त्याने सांगितलं, "मशीन बिघडलंय. एक मित्र मदतीला आलेत, सांभाळून घ्या."

पत्र्याने पहिलं गाणं वाजवलं. दुसऱ्यात, ऐन कडव्याच्या मध्यावर, काठ्या ठेवून तो उठला आणि प्रेक्षकांमधल्या वाटेने चालत बाहेर गेला. कवळीवाला ठेक्याविना दोन ओळी गायला, मग गप्प झाला. लोक हसले. 'लिफ्ट बंद' पुन्हा कधी वाजला नाही.

"दादाने आमचं वाटोळं केलं," असं धाकटा आजही चारचौघांत सांगतो. दोघा भावांचे निरोप वहिनीमार्फत जातात.

पश्चात्ताप होतो का, असं विचारलं, तर पत्रा कापता कापताच पत्र्या म्हणतो, "होतो ना. पहिलं गाणं पूर्ण वाजवलं, त्याचा."