दहा हातांवरचा रेडिओ

चंदूला संताप यायला मोठं कारण लागत नसे, खराब माइक पुरे. बदलापूरच्या हेंद्रेपाड्यात आमच्या खालच्या खोलीत तो आणि त्याची बायको विठा राहत. दिवसा अंबरनाथच्या कारखान्यात मशीनवर, आणि थंडी पडली की गावोगावच्या कबड्डी स्पर्धांत समालोचन. माइक खरखरला की उल्हासनगरच्या सिंधी मंडपवाल्याला भर मैदानात झाडायचा, "साईं, ये माइक है या पापड तलने की कढाई?"

त्याचं चुकत नव्हतं. चढाई करणारा जेवढा वेळ 'कबड्डी कबड्डी' करी, तेवढा वेळ चंदूही एका दमात बोले. खेळाडू परतून रेषेला शिवला की मगच श्वास घ्यायचा. अशात माइकने एखादा शब्द खाल्ला की सगळी चढाई वाया.

सत्त्याऐंशी साली बदलापूरच्या स्पर्धेचा अंतिम सामना रेडिओवरून थेट ऐकवायचा असं ठरलं आणि बोलायला चंदूला घेतलं. महिनाभर त्याने विठाचं आणि आमचं डोकं खाल्लं. मैदानात भोंगा लावला तर रेडिओचा माइक शिट्टी मारेल, म्हणून मंडपवाल्याशी भांडून त्याने भोंगाच लावू दिला नाही.

इथेच घोटाळा झाला. भोंगा नाही म्हटल्यावर मैदानातल्या लोकांना चंदू ऐकू येणार कसा? मग चामटोलीची, म्हणजे त्याच्या गावची, माणसं घरून ट्रान्झिस्टर घेऊन आली. समोर सामना, आणि कानाला त्याच सामन्याचा रेडिओ!

पहिली चढाई सुरू झाली आणि माइकमधून अशी शिट्टी निघाली की कानाला हेडफोन लावून बसलेला रेडिओचा माणूस ताडकन उठला. "मैदानात रेडिओ चालू आहेत. बंद करा, नाहीतर केंद्रवाले आपल्याला तोडून गाणी लावतील."

चंदूने माइकवर हात दाबून बोंब मारली. एकेक रेडिओ बंद झाला. शिट्टी मात्र थांबेना. पुढच्याच रांगेत त्याचे वडील हरिचंद्र बसले होते, मांडीवर घरातला मोठा रेडिओ, त्याला कान लावून. हातानेच 'थांब' अशी खूण करत होते. रेडिओवर मुलाचं नाव अजून सांगितलं नव्हतं ना!

एव्हाना चंदूचा माइकवरचा हात निघाला होता.

"ओ बाबा, बंद कर तो डबा! अक्कल आहे का?"

हे सगळ्या जिल्ह्याने ऐकलं. हरिचंद्रांनी बटण फिरवलं. मग आवाज स्वच्छ गेला, असं हेडफोनवाला म्हणाला. मैदानात बसलेल्या बापाला त्यातलं अक्षरही ऐकू आलं नाही.

संध्याकाळी आमच्या जिन्याखाली भांडण जुंपलं.

"पंधरा गावांनी आयकला. बापाला अक्कल नाय."

"मग काय करू? गाणी लावणार होते ते, गाणी!"

"मना आयकाचा व्हता."

"अरे, मी समोरच होतो ना? दहा हातांवर!"

"दहा हातांवरचा रोजच दिसतंस. मना रेडिओतला पायजे व्हता."

यावर चंदू आणखीच ओरडला. शेवटी विठा म्हणाली, "दोघांचेबी माइक बंद करा. वर वहिनी ऐकतायत." हरिचंद्र न जेवता चामटोलीला गेले. वर्षभर बापलेक एकमेकांशी बोलले नाहीत. दिवाळीचा फराळसुद्धा विठाच्या हातून जायचा.

पुढच्या वर्षी रेडिओवाल्यांनी पुन्हा चंदूलाच बोलावलं. त्याने विठाकडून निरोप धाडला, "बाबाला सांग, मैदानात पाय ठेवू नको. घरी बसून ऐक." निरोपही असा, की भांडण बरं. तरी म्हातारा घरी बसला. विठाबरोबर मीही चामटोलीला गेले.

सामना लागला. मैदानातून केंद्रापर्यंत आवाज टेलिफोनच्या तारेवरून जायचा. आमच्यापर्यंत पोचला तो पत्र्याच्या डब्यात कोंबलेला कुणी तरी माणूस होता. प्रेक्षकांचा गलका नाही, शब्दांची शेपटं तुटलेली, आणि ज्या एका दमासाठी चंदू जीव टाकायचा, त्याचे तुकडे तुकडे. हरिचंद्र रेडिओला चिकटून बसले होते. दर थोड्या वेळाने विचारत, "ह्यो चंदूच ना?" विठा म्हणे, "हो मामंजी, तेच." ते पुन्हा कान लावत.

सामना संपल्यावर चंदू थेट चामटोलीला आला. खुशीत होता. ओट्यावर चढता चढता वर्षात पहिल्यांदाच बापाशी बोलला, "कसा आला आवाज?"

विठाने माझ्याकडे पाहिलं. मी रेडिओकडे.

"कोन बोलत व्हता कोनास ठाव," हरिचंद्र म्हणाले. "बाई हाय का बाप्या, तेबी कलत नव्हता."

चंदूचा चेहरा लालबुंद झाला. तारेला शिव्या, रेडिओला शिव्या, 'एकदम क्लिअर' म्हणून हात मिळवणाऱ्या हेडफोनवाल्याच्या सात पिढ्यांना शिव्या. पायातली चप्पल त्याने अंगणात भिरकावली. म्हातारा उठून आत निघाला.

"कुठे चाललास? बस. बस म्हणतो ना!"

आणि त्याने सुरुवात केली. माइक नाही, तार नाही, बापाच्या पुढ्यात उभा राहून, दात ओठ खात, एका दमात आजच्या सामन्याची पहिली चढाई. मग दुसरी. शेजारची बनूबाई पीठ माखलेल्या हातांनी बाहेर आली. कुंपणापाशी माणसं जमली. चंदूच्या मानेच्या शिरा तटतटल्या होत्या, घसा बसत चालला होता.

"र्‍हाव दे पोऱ्या," हरिचंद्र म्हणाले. "घसा फुटल."

"गप्प बस! सामना चालू आहे," चंदू खेकसला, आणि त्याने पुढच्या चढाईसाठी श्वास भरून घेतला.